कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत एखाद्या साधुसंताचें चरित्र यावें, अशी आपली अपेक्षा असणें साहजिक आहे. संतांचीं चरित्रें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, व पुढेंहि ऐकूं. या वेळीं मात्र आम्हीं मुद्दाम अशा एका गृहस्थाचें चरित्र निवडलें आहे, कीं जो ख्रिस्ती नव्हता, ज्याचें नांव आपल्या कोणत्याहि प्रार्थनापुस्तकांत सांपडणार नाहीं, परंतु ज्याच्या श्रमाचें फळ आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें दर आठवड्यास चाखीत आलीं आहेत. ते गृहस्थ म्हणजे कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून देणारे पुढारी ते हेच.

बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या आपल्या पट्टींत असें घर विरळा, कीं ज्यांतील कोणी ना कोणी पोटासाठीं मुंबईस गेलेलें नाहीं. हा मुलूख जंजिरा संस्थानांत होता, तेव्हां माणसें आगबोटींत बसून मुंबईस जात. आतां मोटारीनें जातात. रस्ता बदलला, पण जाण्याचें कारण बदललें नाहीं. दुसऱ्याच्या हाताखालीं काम करणारीं माणसें आपल्यांत पुष्कळ आहेत. दुसऱ्याकडून काम करवून घेणारींहि थोडीं नाहींत. या दोघांनींहि हें चरित्र वाचावें, अशी आमची इच्छा आहे. दुसऱ्यांनीं जरा अधिक लक्ष देऊन वाचावें.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें झाला. घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसर गांवचें, जात फुलमाळी, परिस्थिति गरिबीची. शिक्षण बेताचें झालें, पण अक्षर, हिशेब आणि इंग्रजी यांची जोड मिळाल्यामुळें त्यांस कारकुनीचा मार्ग मोकळा झाला. प्रथम रेल्वेच्या टपालखात्यांत व नंतर पोस्टांत त्यांनीं नोकरी केली. पुढें ते मुंबईंतील मांडवी येथील एका कापडगिरणींत कोठारावरील अंमलदार, म्हणजे स्टोअरकीपर, झाले. त्या काळच्या मानानें ही जागा चांगली होती. पोशाख स्वच्छ, काम सावलींतलें आणि पगार बरा. अशा जागेवर बसलेल्या माणसानें खालीं पाहिलें नसतें, तरी त्यास कोणी दोष दिला नसता.

त्या वेळीं गिरणीचें काम कसें चालत असे, हें नव्या पिढीस सांगितलें पाहिजे. मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापन केली व ती १८५६ सालीं सुरू झाली. पुढील पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या चिमण्या वाढत गेल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून माणसांची रीघ लागली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असे. त्यामुळें उन्हाळ्यांत दिवस जितका मोठा, तितकी मजुरी लांब. तेरा-चौदा तासहि यंत्रापुढें उभें राहावें लागे. दुपारच्या भाकरीस ठराविक वेळ नसे. आठवड्याची म्हणून हक्काची सुटी नसे; मिळे ती सणावारापुरती. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनीं हातीं पडे, तोंवर वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज चालू राही. नोकरीवर ठेवणें व काढणें हें जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातीं असे. त्यास दस्तुरी दिल्यावांचून पुष्कळांस गिरणीच्या दारांतून आंत जातां येत नसे. पट्ट्यांत हात सांपडून जायबंदी झालेल्या मजुरानें पुढें काय खावें, याची तजवीज कोठेंच नव्हती. बायका आणि लहान मुलें याच कामांत होतीं.

सोराबजी शापुरजी बंगाली या दयाळु पारशी गृहस्थांनीं या स्थितीविरुद्ध आवाज उठविला होता. त्यानंतर १८८१ सालीं सरकारनें पहिला कारखान्यांचा कायदा केला. परंतु त्यानें संरक्षण दिलें तें मुख्यतः मुलांस: सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांसंबंधीं कायद्यांत एक अक्षर नव्हतें.

कोठाराच्या अंमलदाराचें काम म्हणजे नोंद ठेवणें. किती माल आला, किती गेला, कोणती वस्तु झिजली, कोणती बदलावयास हवी, हें सर्व त्याच्या वहींत असावें लागतें. आम्हांस असें वाटतें, कीं नारायणरावांच्या मनांत एक प्रश्न येथेंच उभा राहिला असावा. यंत्राच्या पट्ट्याची झीज वहींत लिहिली जाते. पट्ट्याशेजारीं उभ्या असलेल्या माणसाची झीज कोणत्या वहींत लिहिली जाते? त्यांनीं पुढें जें कार्य केलें, तें पाहतां माणसासाठीं अशी एक वही उघडणें हेंच त्यांचें जीवितकार्य होतें, असें म्हणतां येईल.

या कामीं त्यांस बळ मिळालें तें जोतीराव फुले यांच्या सहवासानें. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला व नारायणराव लवकरच त्यांत सामील झाले. त्या समाजानें पुरोहितवर्गावर कठोर टीका केली, हें आम्ही जाणतों. आम्ही स्वतः धर्मगुरु असल्यामुळें ती टीका वाचतांना आमचाहि जीव थोडा अवघडतो. तथापि गरिबाच्या घामावर जगून त्याच्याकडे पाठ फिरविणारा कोणीहि असो, मग तो अंगावर कोणताहि झगा घालो, त्यास ती टीका लागू पडते, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.

कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास दीनबंधु नांवाचें वर्तमानपत्र काढलें होतें. पैशाच्या अडचणीमुळें तें चालेनासें झालें, तेव्हां १८८० सालीं नारायणरावांनीं तें मुंबईस आणून आपल्या हातीं घेतलें, आणि अखेरपर्यंत त्यासाठीं ते झटले. शेतकरी व मजूर यांचीं गाऱ्हाणीं त्यांच्याच भाषेंत मांडणारें असें दुसरें पत्र त्या वेळीं मुंबईंत नव्हतें, म्हटलें तरी चालेल.

१८८४ सालीं मुंबई सरकारनें कारखान्यांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. ही संधि नारायणरावांनीं साधली. त्या वर्षीं २३ व २६ सप्टेंबर रोजीं त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या व एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारें साडेपांच हजार मजुरांच्या सह्या झाल्या. याच वेळीं बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन या नांवानें त्यांनीं कामगारांची संस्था उभी केली. हिंदुस्थानांतील कामगारांची ती पहिली संस्था म्हणून गणली जाते. अर्जांत पांच मागण्या होत्या. प्रत्येक रविवारीं सर्वांस सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. कामावर जखमी झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पगार मिळावा, व तो कायमचा पंगु झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी.

वाचकहो, या पांच मागण्यांकडे जरा थांबून पाहा. यांत पगारवाढीचें नांव नाहीं. अधिक पैसा कोणास नको असतो? मजुरांस तो नक्कीच हवा होता. परंतु नारायणरावांनीं अगोदर मागितला तो मान. काम केव्हां सुरू होईल व केव्हां संपेल, हें मजुरास ठाऊक असावें. कबूल केलेला पैसा कबूल केलेल्या दिवशीं मिळावा. जेवावयास बसल्यावर कोणीं हांक मारूं नये. हात तुटल्यावर त्यास फुटक्या मडक्याप्रमाणें बाहेर टाकूं नये. हें ज्यास मिळतें, त्यास आपण माणूस आहों अशी खात्री वाटते, व असा मनुष्य काम मनापासून करतो. माणसें सांभाळण्याची विद्या शिकविणारे मोठमोठे ग्रंथ आतां झाले आहेत. त्यांचें बरेंचसें सार एका कोठारअंमलदारानें १८८४ सालीं पांच कलमांत लिहून ठेवलें होतें.

अर्ज गेला, पण फळ लवकर आलें नाहीं. पांच-सहा वर्षें निघून गेलीं. नारायणरावांनीं या काळांत ना धीर सोडला, ना मजुरांस दगड उचलूं दिला. ते लिहीत राहिले, सभा घेत राहिले, पुन्हा अर्ज करीत राहिले. अखेर २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले. त्या सभेंत दोन कामकरी स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. त्या काळीं सुशिक्षितांच्या सभेंतहि स्त्रीनें बोलणें विरळाच होतें, मग गिरणींतल्या बाईनें बोलणें दूरच. जिच्या पाठीस दुखतें, तिनेंच तें सांगावें, एवढी समज या पुढाऱ्यास होती. रविवारच्या सुटीची मागणी गिरणीमालकांच्या संघाकडे गेली, आणि १० जून १८९० रोजीं मालकांनीं ती मान्य केली.

रविवारच का, असा प्रश्न कोणी विचारील. सरकारी कचेऱ्या त्या दिवशीं बंद असत, हें एक. आणि खंडोबाचा वार म्हणून मराठी कष्टकऱ्यांसहि तो दिवस प्रिय होता. आपण कॅथोलिक लोक रविवार हा आपलाच दिवस समजतों, व प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून तो आपला आहेहि. परंतु मुंबईच्या गिरणींत गेलेल्या आपल्या वाडवडिलांस रविवारच्या मिस्सेला जावयाची मोकळीक मिळाली, ती एका सत्यशोधक माळ्याच्या खटपटीनें मिळाली, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परमेश्वराचीं देणगी पोंचविण्याचीं साधनें आपल्या कल्पनेपेक्षां फार निराळीं असतात.

१८९० सालींच हिंदुस्थान सरकारनें नवें कमिशन नेमलें. त्याच्या मुंबईंतील कामांत नारायणरावांस सहकारी म्हणून घेण्यांत आलें. त्यानंतर १८९१ सालीं कायदा सुधारला. आठवड्यास एक सुटी व दुपारचा अर्धा तास सर्वांस मिळाला. स्त्रियांसाठीं दिवसास अकरा तासांची मर्यादा ठरली. नऊ वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी झाली. ज्या गोष्टी मजुरांच्या अर्जांत होत्या, त्यांतील कांहीं आतां कायद्यांत आल्या.

नारायणरावांच्या कार्यांत उणीवाहि होत्या, त्या झांकण्याचें कारण नाहीं. त्यांच्या संस्थेस सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. ती त्यांच्या एकट्याच्या आधारावर उभी होती, व त्यांच्यामागें ती टिकली नाहीं. चांगल्या माणसाच्या हातून होणारी ही चूक आपल्या धर्मग्रामांतहि आढळते. एकटा मनुष्य सर्व ओझें उचलतो, आणि तो गेल्यावर ओझें जमिनीवर पडतें. आपल्यामागें दुसरा उभा करणें हाहि माणसें सांभाळण्याचाच एक भाग आहे.

मजुरांपुरतीच त्यांची दृष्टि मर्यादित नव्हती. विधवांचें केशवपन करूं नये, असें त्यांनीं १८९० सालीं मुंबईंतील न्हाव्यांच्या गळीं उतरविलें. ऑगस्ट १८९३ मध्यें मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला, तेव्हां दोन्हीं समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. एकाच खात्यांत शेजारीं शेजारीं काम करणाऱ्या माणसांनीं रस्त्यावर एकमेकांच्या जिवावर उठावें, हें त्यांस कसें सोसवलें असतें? सरकारनें त्यांस १८९५ सालीं रावबहादुर ही पदवी दिली.

पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, मांडवी भागांतच प्लेग उघडकीस आला. लाखों लोक शहर सोडून पळाले. त्यांत श्रीमंत होते, अधिकारी होते, पुढारीहि होते. ज्यांस पळावयास जागा नव्हती, ते मजूर चाळींतच राहिले, आणि नारायणराव त्यांच्याजवळ राहिले. आजाऱ्यांसाठीं इस्पितळाची व्यवस्था करणें, भ्यालेल्यांस धीर देणें हें काम त्यांनीं पत्करलें. त्यांतच त्यांस प्लेग झाला, व ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. वय अवघें एकोणपन्नासाच्या आंतबाहेर. २००५ सालीं भारत सरकारनें त्यांचें पोस्टाचें तिकीट काढलें. ज्यानें एके काळीं पोस्टांत कारकुनी केली, त्याचें चित्र अशा रीतीनें घरोघरच्या पत्रांवर गेलें.

मुंबईस सुटी मान्य झाल्यानंतर एका वर्षाच्या आंत, १५ मे १८९१ रोजीं, पोप तेरावे लिओ यांनीं कामकऱ्यांच्या स्थितीविषयीं आपलें प्रसिद्ध परिपत्रक काढलें. रेरूम नोवारूम या लॅटिन नांवानें तें जगभर ओळखलें जातें. मजूर हा गुलाम नव्हे. त्याची मजुरी त्याच्या कुटुंबाच्या पोटास पुरेशी असावी. त्यास प्रभूच्या दिवशीं विश्रांति मिळावी. मजुरांनीं आपले संघ करणें हा त्यांचा नैसर्गिक हक्क आहे, अशी शिकवण त्यांत आहे. रोमचे पोप आणि मुंबईचे लोखंडे यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नव्हता. तरीहि दोघे एकाच ठिकाणीं येऊन पोंचले, याचें कारण सत्य एकच आहे. आमच्या सेमिनरींत हें परिपत्रक आम्हीं अभ्यासिलें, त्यावर परीक्षा दिली व चांगले गुणहि मिळविले. परंतु परीक्षा पुन्हा एकदां व्हावयाची होती, आणि ती याच ज्युबिलीच्या तयारींत झाली. तिचा निकाल येथें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

गेला पावसाळा संपल्यावर देवळाच्या डागडुजीचें काम सुरू झालें. ज्युबिलीचा दिवस जवळ येत होता, आणि भिंतींचा गिलावा अजून ओला होता. आम्हीं घाई केली. रविवारच्या मिस्सेनंतरहि काम चालावें, असें आम्हींच सांगितलें. एका रविवारीं आम्हीं तिसऱ्या आज्ञेवर प्रवचन केलें, व तें संपतें न संपतें तोंच मागल्या बाजूस परातीचा आवाज सुरू झाला. त्याच आठवड्यांत मजुरीचे पैसेहि मागें पडले. देणग्या गोळा व्हावयाच्या होत्या, म्हणून आम्हीं थांबा म्हटलें होतें. गवंड्यांपैकीं एका म्हाताऱ्यानें आमच्या सेवेकऱ्यापाशीं सहज चौकशी केली, कीं फादरांचा सुटीचा दिवस रविवार, तर आमचा कोणता? त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. तें आमच्या कानावर आलें, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं धर्मग्राम मंडळापुढें हा विषय ठेवला. रविवारचें काम बंद करावें, यावर मतभेद झाला नाहीं. खरी अडचण पुढें होती. रोजंदारीच्या माणसास सुटी म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. मग आमच्या धर्मनिष्ठेची किंमत त्याच्या मुलांनीं कां द्यावी? बरीच चर्चा झाल्यावर मंडळानें ठरविलें, कीं रविवारचा रोजहि द्यावा, व आठवड्याची मजुरी शनिवारीं संध्याकाळीं, काम सुटण्यापूर्वीं, हातावर ठेवावी. हे पैसे घंटाघराच्या रंगासाठीं राखून ठेवलेल्या रकमेंतून गेले. म्हणूनच ज्युबिलीच्या दिवशीं समुद्राकडील अंगास घंटाघर बिनरंगाचें दिसेल. पाहुण्यांनीं विचारल्यास कारण सांगण्यास कोणी लाजूं नये.

ज्युबिली या शब्दाचा अर्थ तरी काय? मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावयाचा, कर्जापायीं गहाण पडलेली जमीन मूळ मालकास परत करावयाची आणि दास झालेल्या माणसास घरीं पाठवावयाचें. विश्रांतिदिनाच्या आज्ञेंतहि परमेश्वरानें घरधन्याबरोबर त्याचा दास, दासी, बैल व दारांतला परका यांस आठवणीनें गणलें आहे. धन्यानें विसांवा घ्यावा व त्याच्या गड्यानें राबावें, असा विश्रांतिदिन शास्त्रास ठाऊक नाहीं.

आतां प्रत्येकानें आपल्या घराकडे वळून पाहावें. ज्याच्या बोटीवर खलाशी आहेत, त्यानें वाटा मोजतांना त्यांच्या देखत मोजावा, आणि उचल दिली म्हणून माणूस विकत घेतला असें समजूं नये. ज्याची सुपारीची वाडी आहे, त्यानें झाडावर चढणारा पडला तर त्याच्या घरीं धान्य कोण पोंचविणार, हें पडण्यापूर्वींच ठरवावें. मुंबईस मुकादम किंवा साहेब झालेल्या आमच्या तरुणांनीं हाताखालच्या माणसास चारचौघांत टाकून बोलूं नये; चूक दाखवावयाची ती बाजूस नेऊन दाखवावी. घरांत मोलकरीण असेल, तर तिच्या जेवणाची वेळ ठरलेली असावी व पगाराची तारीखहि. आणि धर्मगुरूच्या स्वैंपाकघरांत रविवारीं पाहुण्यांची पंगत असेल, तर स्वैंपाक्यास सोमवार मोकळा असावा. हा शेवटचा नियम आम्हीं स्वतःपुरता लागू केला आहे. चुकल्यास आठवण द्यावी.

ज्यांनीं हें देऊळ बांधलें व ज्यांनीं तें डागडुजी करून उभें ठेवलें, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपल्या नोंदवहींत नाहींत. ज्युबिलीच्या मिस्सेंत आम्ही त्यांस, व त्यांच्याबरोबर कै. नारायणरावांसहि, परमेश्वरापुढें स्मरूं. सुताराच्या घरीं वाढलेला आपला प्रभु आपल्या सर्वांच्या हातांस काम देवो, आणि कामाच्या अखेरीस विसांवा देवो.